दोन मिनिटांचा चेहरा : प्रवेश-अर्जातील ‘ऐच्छिक’ व्हिडिओ आणि त्यामागचा शंभर वर्षांचा इतिहास

१/ अमेरिकेतील अनेक नामवंत विद्यापीठांच्या प्रवेश-अर्जात आज एक छोटी चौकट असते. स्वतःची ओळख करून देणारा, दोन मिनिटांच्या आतला व्हिडिओ तिथे जोडायचा असतो. शेजारी एकच शब्द असतो : ‘ऐच्छिक’. दिवाळीनंतरच्या दिवसांत पुण्या-मुंबईतल्या आणि नागपुरातल्या कित्येक घरांत या शब्दाचा कीस पाडला जातो. पाठवावा की न पाठवावा? #थ्रेड

२/ विद्यार्थ्याने तो पाठवावा का, हा दुसरा प्रश्न झाला. संस्थेने तो मागावा का, हा पहिला. त्याचे उत्तर शोधायचे तर सुमारे शंभर वर्षे मागे जावे लागते. अर्जदाराचा चेहरा अर्जावर असलाच पाहिजे, असे अमेरिकी महाविद्यालयांना एकदा याआधीही वाटले होते. ते का वाटले आणि त्याचे पुढे काय झाले, याची नोंद इतिहासात स्पष्ट आहे.

३/ विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया या महाविद्यालयांचा प्रवेश मुख्यतः परीक्षेवर चालत असे. १९०० साली सामायिक प्रवेश-परीक्षा मंडळ स्थापन झाले. लॅटिन, गणित, इतिहास यांत जो उत्तीर्ण होई आणि ज्याला शुल्क भरता येई, त्याला बहुधा जागा मिळे. ही पद्धत काही समतेच्या ध्येयातून जन्मलेली नव्हती. लॅटिन शिकवणाऱ्या शाळा मुळातच थोड्या आणि महागड्या होत्या, त्यामुळे योग्य ‘घरची’ मुले आपोआप वर येत. निवड शाळेच्या दारातच होऊन जाई.

४/ हे गणित न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांनी बिघडवले. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची मुले या शाळांत शिकली, परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. हार्वर्डमध्ये १९०० साली ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते, ते १९२२ पर्यंत २१ टक्क्यांच्या वर गेले. कोलंबियात ते सुमारे ४० टक्के असल्याचे सांगितले जाई. परीक्षेने आपले काम चोख बजावले होते. संस्थांची अडचण नेमकी तीच होती.

५/ पहिले पाऊल कोलंबियाने टाकले. हा परिसर मराठी वाचकाला परका नाही. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर याच विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागात शिकत होते. ते तिथून गेल्यावर तीनच वर्षांनी, १९१९ साली, तिथल्या पदवी-महाविद्यालयाने नवा आठपानी अर्ज आणला. त्यात धर्म, वडिलांचा व्यवसाय आणि पालकांचे जन्मस्थान विचारले जाई. सोबत छायाचित्र हवे होते आणि प्रत्यक्ष मुलाखतही होती. दोन वर्षांत ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर, सुमारे २२ टक्क्यांवर आले.

६/ हार्वर्डचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लॉवेल यांनी हीच गोष्ट उघडपणे करायचे ठरवले. स्थलांतरावर निर्बंध घालू पाहणाऱ्या संघटनेचे ते पदाधिकारी होते. १९२२ साली त्यांनी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करण्याचा विचार मांडला. त्यांच्या मनातला आकडा १५ टक्क्यांचा होता. गदारोळ झाला, वृत्तपत्रांत टीका झाली, प्राध्यापकांची समिती नेमली गेली. १९२३ साली समितीने उघड कोटा फेटाळला.

७/ इतिहासाच्या अभ्यासकाने इथे थबकले पाहिजे, कारण उघड कोटा हरला तरी कोट्याचा हेतू जिंकला. १९२६ साली हार्वर्डने प्रवेशाचे नियम बदलले. पहिल्या वर्षाच्या जागांवर मर्यादा घातली. गुणांच्या जोडीला ‘चारित्र्य’ आणि ‘योग्यता’ हे निकष आणले आणि पारपत्रावर असते तसे छायाचित्र अर्जाचा आवश्यक भाग ठरवले. त्याआधी, १९२२ पासूनच, अर्जदाराच्या किंवा त्याच्या वडिलांच्या नावात जन्मानंतर काही बदल झाला आहे का, असा प्रश्न अर्जात आला होता. आडनाव बदललेला ज्यू विद्यार्थी हुडकण्यासाठी याहून सोयीचा प्रश्न कोणता असणार?

८/ १९२५ साली हार्वर्डच्या नव्या वर्गात ज्यू विद्यार्थी २७ टक्क्यांहून अधिक होते. नव्या नियमांनंतर ते प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आले आणि पुढे बराच काळ तिथेच घोटाळत राहिले. लॉवेल यांना हवा असलेला आकडा हाच होता. त्यासाठी कोणत्याही नियमात ‘ज्यू’ हा शब्द लिहावा लागला नाही. एक मोघम शब्द आणि एक छायाचित्र एवढे पुरले.

९/ या यंत्रणेचे दोन भाग नीट समजून घ्यावेत. पहिला भाग म्हणजे मोजता न येणारा निकष. ‘चारित्र्य’ किती हवे, हे कोठेच लिहिलेले नव्हते. दुसरा भाग म्हणजे त्या निकषाला खाद्य पुरवणारी माहिती, अर्थात चेहरा, नाव, बोलण्याची ढब, घराणे. दोन्ही एकत्र आले की निवड करणाऱ्याच्या मनातला पूर्वग्रह ‘मूल्यमापन’ हे प्रतिष्ठित नाव धारण करतो. नाकारलेल्याच्या हाती दाद मागायला काहीच उरत नाही.

१०/ ती यंत्रणा मोडायला पाव शतक आणि एक महायुद्ध लागले. न्यूयॉर्क राज्याने १९४८ साली शिक्षणसंस्थांतील प्रवेशात वंश, धर्म, राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा केला. मॅसॅच्युसेट्सने १९४९ मध्ये त्याचा कित्ता गिरवला. त्यानंतरच्या काळात धर्माचा रकाना आणि छायाचित्राची चौकट अर्जांवरून हळूहळू नाहीशी झाली. संस्थांना उपरती झाली म्हणून हे घडले नाही. भेदभाव सोसलेल्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे रेटा लावला, म्हणून घडले.

११/ आता अलीकडच्या काळाकडे. २००९-१० च्या प्रवेशवर्षात टफ्ट्स विद्यापीठाने एक मिनिटाचा ऐच्छिक व्हिडिओ स्वीकारला. सुमारे पंधरा हजार अर्जदारांपैकी हजाराच्या आसपास मुलांनी तो पाठवला. २०१४ साली बाल्टिमोरजवळच्या गाउचर महाविद्यालयाने गुणपत्रिकेऐवजी दोन मिनिटांच्या व्हिडिओचा मार्ग खुला केला. २०१८ साली शिकागो विद्यापीठाने माजी विद्यार्थ्यांकडून होणाऱ्या मुलाखती थांबवल्या आणि त्या जागी दोन मिनिटांची दृक्-ओळख मागितली. ब्राउन विद्यापीठही त्याच वाटेने गेले.

१२/ न्यायाने बोलायचे तर १९२६ चा हेतू आणि आजचा हेतू एक नाही. कोणाला तरी वगळण्यासाठी लॉवेल यांना छायाचित्र हवे होते. आजच्या प्रवेश-कार्यालयांना अधिक विविध मुले आत यावीत असे वाटते. त्यांच्या सदिच्छेवर शंका घेण्याचे कारण नाही. पण हत्यार कोणी कशासाठी घडवले यावर त्याची धार ठरत नसते. हेतू बदलला म्हणून यंत्रणा बदलते का, हा खरा प्रश्न आहे. मोघम निकष आणि त्याला खाद्य पुरवणारा चेहरा हे दोन्ही भाग आज पुन्हा एकत्र आले आहेत.

१३/ समर्थकांचा पहिला युक्तिवाद असा : जुन्या मुलाखती माजी विद्यार्थी घेत आणि ते असतात मोठ्या शहरांत. मुंबईतल्या मुलाला मुलाखतकार मिळे. गडचिरोलीतल्या मुलाला कोण मिळणार? व्हिडिओ मात्र कोठूनही पाठवता येतो. युक्तिवादाचा पहिला भाग अगदी खरा आहे. ती मुलाखत-पद्धत विषमच होती. पण विषम पद्धत मोडली म्हणून तिच्या जागी येणारी प्रत्येक पद्धत आपोआप सम ठरत नाही. मुलाखत बंद करून काहीच न मागणे हाही पर्याय होता. त्याचा विचार झालेला दिसत नाही.

१४/ दुसरा युक्तिवाद : महागडा कॅमेरा नको, हातातला मोबाइल पुरे. संस्था आपल्या सूचनांतही सफाईदार चित्रण नको, सहजता हवी, असे आवर्जून सांगतात. पण सहजता ही सर्वांत महाग वस्तू आहे. त्यासाठी मोबाइल पुरत नाही. दार लावून बसता येईल अशी खोली लागते, दोन मिनिटांची शांतता लागते, आणि परक्या माणसासमोर परक्या भाषेत स्वतःविषयी हसतखेळत बोलण्याचा सराव लागतो. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात. तिथे यातले काय काय मिळेल?

१५/ शिवाय ऐकणाऱ्याचा कानही तटस्थ नसतो. मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ‘पाणी’ आणि ‘पानी’ या दोन उच्चारांत अर्थाचा तिळमात्र फरक नाही; फरक आहे तो ऐकणाऱ्याच्या भुवईत. एका ‘न’ वरून माणसाचे गाव, घर आणि जात यांचा अंदाज बांधणारा समाज याच मातीत नांदतो. अशा एका उच्चाराने किती मुलांना वर्गात हात वर करण्यापासून परावृत्त केले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. इंग्रजीच्या बाबतीत अमेरिकेतला कान याहून उदार असेल, असे मानायला आधार काय?

१६/ तिसरा युक्तिवाद सर्वांत वजनदार आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. समर्थक म्हणतात, पूर्वग्रह कागदावरूनही काम करतो. उलट माणूस समोर आला की तो विरघळतो. त्यासाठी पुरावाही हार्वर्डचाच आहे. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात सादर झालेल्या आकडेवारीत असे दिसले, की आशियाई-अमेरिकन अर्जदारांना ‘व्यक्तिमत्त्वा’साठी प्रवेश-कार्यालयाने गोऱ्या अर्जदारांपेक्षा सरासरीने कमी गुण दिले. त्यांना प्रत्यक्ष भेटलेल्या माजी विद्यार्थ्यांनी दिलेले गुण मात्र जवळपास सारखे होते. जाणूनबुजून भेदभाव झाल्याचे कनिष्ठ न्यायालयाने मान्य केले नाही. तरीही तो आकडा बोलका आहे.

१७/ मात्र तो आकडा व्हिडिओच्या बाजूने बोलत नाही. माजी विद्यार्थ्याने त्या मुलाला नुसते पाहिले नव्हते, त्याच्याशी संभाषण केले होते. प्रश्न विचारला, उत्तर ऐकले, गैरसमज झाला तर पुन्हा विचारले. पूर्वग्रह विरघळला असेल तर तो या देवाणघेवाणीत. व्हिडिओत ती नाही. तिथे एक मूल काचेच्या भिंगाशी बोलते, आणि पुढे कधीतरी कोणीतरी अनोळखी माणूस ढिगातल्या इतर व्हिडिओंच्या मध्ये तो पाहतो. मुलाखतीतला धोका तेवढा राहिला, मुलाखतीतला संवाद गेला.

१८/ दोन मिनिटांत माणूस कळतो का, हा प्रश्न भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात १९७९-८० च्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण ठेवले होते. लेखी परीक्षेत पुढे असलेली मुले मुलाखतीत मागे पडली. त्यांची तक्रार अशी, की मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली आणि विचारले काय, तर आईवडील कोण, राहणार कोठे. हा खटला अजय हसिया प्रकरण म्हणून प्रसिद्ध आहे.

१९/ नोव्हेंबर १९८० मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी पाच न्यायाधीशांच्या पीठाचा निकाल लिहिला. अशा प्रवेशात मुलाखतीला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक वजन देणे मनमानीचे ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीवर इतके गुण टांगणे समतेच्या तत्त्वात बसत नव्हते. पुढे २०१६ च्या १ जानेवारीपासून केंद्र सरकारने आपल्या गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. मुलाखतीतला वशिला आणि मनमानी हा या देशाने चाखलेला अनुभव आहे.

२०/ त्याच निकालात आणखी एक सूचना आहे. मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, म्हणजे पुढे तक्रार झाली तर पुरावा हाती राहील, असे न्यायालयाने सुचवले होते. वरवर पाहता हा व्हिडिओच्या बाजूचा आधार वाटेल. पण ते ध्वनिमुद्रण परीक्षकावर लक्ष ठेवण्यासाठी होते. त्याने काय विचारले, किती वेळ दिला, हे त्यातून कळावे, ही अपेक्षा होती. आजच्या व्हिडिओत कॅमेरा पुरता फिरला आहे. मुलगा संपूर्ण दिसतो आणि निवड करणारा चौकटीबाहेर, अंधारात बसतो. त्याने काय पाहिले आणि काय मनात ठेवले, याची नोंद अर्जदाराला कधीच दिसत नाही.

२१/ राहिला ‘ऐच्छिक’ हा शब्द. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी त्याची गत आहे. शंभरातल्या चार-पाचांनाच जागा देणाऱ्या संस्थेच्या अर्जात कोणतीही चौकट खऱ्या अर्थाने ऐच्छिक नसते. व्हिडिओ निर्णयात मोजला जात नसेल तर तो मागण्याचे कारण नाही. मोजला जात असेल तर न पाठवणाऱ्याचे काही ना काही कमी होतेच. तिसरी शक्यता तर्काला धरून उरत नाही. तरीही जबाबदारी मात्र ‘ऐच्छिक’ या एका शब्दाने संस्थेच्या खांद्यावरून उतरते आणि सतरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर जाऊन बसते.

२२/ या एका शब्दाने बाजारही उभा राहिला. महागड्या प्रवेश-सल्लागाराकडे गेलेल्या मुलाला काय बोलावे, कोठे बसावे, मागे पुस्तके दिसावीत की खिडकी, हे सांगणारा कोणीतरी असतो. सल्लागार नसलेले मूल ‘सहज राहा’ ही सूचना शब्दशः खरी मानते. एकाची सहजता सरावाने घडवलेली असते, दुसऱ्याची नवखेपणातून आलेली. आणि दोन्ही एकाच तराजूत तोलल्या जातात.

२३/ २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांच्या खटल्यांत प्रवेशातील वंशाधारित विचार घटनाबाह्य ठरवला. तो निकाल कोणाला पटला, कोणाला पटला नाही. पण व्हिडिओच्या प्रश्नावर दोन्ही पक्षांची चिंता एकच असायला हवी. वंशाची चौकट निवड करणाऱ्याच्या नजरेआड करायची आणि त्याच अर्जात चेहरा, वर्ण, उच्चार आणि पाठीमागची भिंत दाखवणारा व्हिडिओ मागायचा, हे एकमेकांशी जुळत नाही. पुढच्या दाराला कुलूप घालून मागचे दार सताड उघडे ठेवण्यासारखे ते आहे. त्या दाराने कोणाला आत घेतले आणि कोणाला वाटेला लावले, हे बाहेरच्या कोणालाही तपासता येणार नाही.

२४/ यावर उपाय अवघड नाही. १९५२ साली बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वादकांची चाचणी पडद्याआडून घ्यायला सुरुवात केली, कारण वादकाची निवड कानाने व्हायची होती, डोळ्याने नव्हे. महाविद्यालयांनीही आधी सांगावे, की व्हिडिओतून त्यांना नेमके काय मोजायचे आहे. विचार मोजायचा असेल तर निबंध आहे. संभाषण मोजायचे असेल तर सर्वांना समान प्रश्न, समान वेळ आणि लेखी निकष असलेली मुलाखत घ्यावी, आणि तिची नोंद अर्जदारालाही द्यावी. यातले काहीच मोजायचे नसेल, ‘फक्त ओळख व्हावी’ एवढीच इच्छा असेल, तर ती ओळख प्रवेशाचा निर्णय झाल्यावरही करून घेता येते.

२५/ आणि हे होत नाही तोवर, चौकट रिकामी सोडणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःला भित्रा समजू नये. कोणी व्हिडिओ पाठवला तर त्यालाही दोष नाही. नियम त्याने केलेले नाहीत. दोघांनीही एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की त्या चौकटीत पूर्वी एक छायाचित्र चिकटवावे लागत असे. ते काढून टाकायला कायदे करावे लागले, आणि ते कायदे व्हावेत म्हणून झगडणाऱ्यांत स्वतः दारातून परत पाठवले गेलेले लोक होते. त्यांनी मिटवलेली चौकट पुन्हा आखणाऱ्या संस्थेने तिचे कारण द्यावे. ते कारण मागण्याचा हक्क प्रत्येक अर्जदाराला आहे, आणि तो ऐच्छिक नाही.